पंधरा मिलीची तक्रार

मी संशयी आहे, असं आमची ही चारचौघांत सांगते. ते खरं नाही. मी फक्त मोजून घेतो. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर माणूस तराजूच्या पारड्याखाली वाकून बघणारच. पाचशे मिली लिहिलेली दुधाची पिशवी घरात आली की मी ती आधी मापात ओततो. बहुतेक वेळा पाचशे मिली भरतंच. त्या दिवशी मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आमच्या हिने नोकरी धरली. वय वर्षं साठ. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून उभा जन्म परीक्षानळ्या विसळल्यावर ती गेल्या वर्षी निवृत्त झाली होती. त्यानंतरचे आठ महिने आम्ही दोघं रोज दुपारी चार वाजता समोरासमोर बसून चहा प्यायलो. साधा, दुधाचा, साखरेचा. बोलणं फार नसायचं. ती शब्दकोडं सोडवायची आणि मी तिची चुकलेली अक्षरं दाखवायचो. यात तिला कंटाळा येत असेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

मग एक दिवस ती तिच्या बहिणीबरोबर कोपऱ्यावरच्या नव्या रेस्टॉरंटमध्ये सूप प्यायला गेली आणि परत आली ती कामाला लागूनच. रेस्टॉरंट तसं साधं. लाकडी बाकं, भिंतीवर खडूने लिहिलेला मेनू, सूप, नूडल्स, सँडविच. मालकीणबाई तिशीतल्या, कायम एप्रनमध्ये. पण त्यांनी एका कोपऱ्यात लाकडी काउंटर केलं होतं आणि तिथे चार ते सहा या वेळात पाच प्रकारचे जपानी हिरवे चहा चाखायला मिळत. एकाच पत्तीवर तिथे तीन-तीनदा पाणी घालत. हिने दोन कप चाखले आणि यातला पहिल्या पाण्याचा कुठला आणि दुसऱ्या पाण्याचा कुठला ते बिनचूक सांगितलं. मालकीणबाईंनी जागच्या जागी विचारलं, काउंटर सांभाळाल का.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"हो म्हणाले."

"मला न विचारता?"

"तुम्ही नव्हता तिथे," ती म्हणाली आणि चपला जागेवर ठेवून आत गेली.

सोमवार सोडून रोज चार ते सहा. माझ्यासाठी थर्मासमध्ये चहा भरून ठेवलेला असे, बशीत दोन बिस्किटं, वर जाळी. म्हणजे तक्रारीला जागा नाही. थर्मासमधला चहा ओतून घेताना समोरच्या खुर्चीकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण खुर्ची समोरच असल्यामुळे ते जमत नसे. खरं सांगायचं तर मला ती घरी हवी होती. पण साठी उलटलेल्या माणसाने हे तोंडाने म्हणणं बरं दिसत नाही. तेव्हा त्या दुकानातच काहीतरी गडबड असली पाहिजे, असा मी विचार केला. गडबड सापडली की काउंटरला सील लागणार आणि काउंटरला सील लागलं की ही घरी येणार. इतका सरळ हिशेब होता.

पुरावा घरातच मिळायला लागला. ही स्वयंपाकघरात सराव करायची. पाणी उकळायचं, मग एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतत ते थंड करायचं. हातात प्रयोगशाळेतल्यासारखा थर्मामीटर.

"उकळलेलं पाणी थंड करतेस?"

"साठ अंशांवर आणायचंय."

"मग साठ झाल्यावर गॅस बंद कर की."

"पाणी उकळलेलं लागतं. आणि साठावरचं लागतं." ती थर्मामीटरवरची नजर न काढता म्हणाली. "जास्त गरम घेतलं की कडवट होतो."

तिचं म्हणणं मला कुठे खोडता येईना. त्यामुळे तर संशय अधिकच बळावला. इतकी तयार उत्तरं मी फक्त लबाड पेट्रोलपंपवाल्यांकडे ऐकली आहेत.

आमच्या वरच्या मजल्यावर कॅशियरसाहेब राहतात. बँकेत तीस वर्षं नोटा मोजल्यामुळे बोलायला सुरुवात करण्यापूर्वी ते अजूनही अंगठा जिभेला लावतात. मी त्यांना जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. त्यांनी अंगठा लावला.

"साहेब, पाणी मुरतंय," ते म्हणाले. "एकच पत्ती तीन-तीनदा वापरतात म्हणता? आमच्याकडे एकच चेक कोणी तीनदा आणला असता तर आम्ही पोलीस बोलावले असते."

"तेच म्हणतो मी."

"आणि पत्ती इतकी हिरवी? रंगवलेली असणार. ओल्या टिपकागदावर ठेवा. रंग सुटला की पकडला चोर."

हिच्या सरावातली चिमूटभर पत्ती मी ओट्यावरून उचलली आणि आम्ही दोघं त्यांच्या गॅलरीत टिपकागद घेऊन बसलो. पाचच मिनिटांत कागदावर हिरवट डाग उठला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला एकदम नोकरीत असल्यासारखं वाटलं. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या, काय चाललंय ते बघितलं आणि कुंडीतला पुदिना चुरडून त्याच कागदावर टाकला. त्याचाही तसाच डाग उठला. वहिनी हात झटकून आत गेल्या. पुरावा म्हणून तो कागद आता चालण्यासारखा राहिला नव्हता.

तरी कॅशियरसाहेबांनी धीर सोडला नाही. "रीतसर जा," ते म्हणाले. "तुमचंच खातं आहे. अर्ज टाका. साक्षीदार म्हणून मी आहेच."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या कचेरीत गेलो. आवकच्या खिडकीत नवा कारकून होता. त्याने मला ओळखलं नाही. मी जरा वेळ तसाच उभा राहिलो, मागच्या भिंतीवरच्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा आहे तिकडे त्याची नजर जाईल म्हणून. गेली नाही.

"खरेदीची पावती?" त्याने विचारलं.

"मी खरेदी केलेली नाही. माझी बायको तिथे काम करते."

"मग तुम्ही ग्राहक नाही. नातेवाईक आहात." त्याने खणातले फॉर्म उलटेपालटे केले. "नातेवाइकांसाठी फॉर्म नाही आपल्याकडे."

"एका निवृत्त निरीक्षकाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"पावतीशिवाय तक्रार घेऊ नये अशी टीप आहे," तो म्हणाला आणि फॉर्मच्या तळाशी छापलेल्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. ती टीप मी लिहिली होती. त्या वेळी सगळ्या कचेरीने माझं कौतुक केलं होतं.

म्हणजे आता तिथे जाऊन चहा पिणं आलं. तोही हिच्याच हातचा, कारण काउंटरवर दुसरं कोणी नसतंच. मी तिला सहज म्हणाल्यासारखं म्हणालो, "उद्या येतो जरा तुझं काम बघायला. कॅशियरसाहेबही येतील म्हणतात."

ती थांबली. तिचा चेहरा असा उजळला की मी घाईघाईने पेपर उघडला. दुसऱ्या दिवशी निघताना तिने केसांवरून दोनदा कंगवा फिरवला आणि थर्मास भरला नाही. मला ते दोन्ही दिसलं. पण खात्यात असताना मी दयामाया कधी दाखवली नव्हती आणि आता सुरुवात करायचं वय नव्हतं. खिशात रुमालात गुंडाळलेली पन्नास मिलीची काचेची मापनळी होती.

काउंटरपुढच्या स्टुलांना पाठ नव्हती. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली, जरी ती आमच्या खात्याकडे येत नाही. माझ्या डावीकडे कॅशियरसाहेब, उजवीकडे कॉलेजातली एक मुलगी वही उघडून बसलेली. काउंटरच्या पलीकडे आमची ही, एप्रन घालून. तिला असं पलीकडून बघायची मला सवय नव्हती. ती सगळ्यांना सारखंच हसली, मलाही तेवढंच.

पहिला आला सेंचा. पोपटी रंगाचा, एवढुशा कपात. कॅशियरसाहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ओल्या गवताची चव आहे." या माणसाने गवत कधी खाल्लं, हे मला विचारायचं होतं. पण साक्षीदाराला दुखवून चालत नाही. मी पण प्यायलो. गवतासारखाच होता.

दुसरा गेनमायचा. त्यात तांदूळ होते. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तांदूळच होते, भाजलेले, काही फुललेले.

"चहात तांदूळ?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"असतातच त्यात," ही म्हणाली. "मेनूवर लिहिलंय."

लिहिलं होतं. आपली भेसळ खडूने भिंतीवर लिहून ठेवणारा गुन्हेगार मला एकतीस वर्षांत भेटला नव्हता. तिसरा होता कुकिचा, म्हणजे नुसत्या काड्या. चहात काड्या निघाल्या म्हणून पूर्वी लोक आमच्या दारात येऊन भांडले आहेत आणि इथे माणसं काड्यांचा वास घेऊन वा वा करत होती. चौथा होजिचा. हिरव्या चहाच्या यादीतला हा चहा चक्क तपकिरी निघाला. "भाजलेला असतो तो," हिने मी काही विचारायच्या आतच सांगितलं. भेसळ हा विभाग वेगळा, त्यांची कचेरी वेगळी, त्यांचे जिनेसुद्धा फार उंच आहेत. माझ्या हातात फक्त माप होतं. मी वाट बघत राहिलो.

पाचवा आला ग्योकुरो. यांच्यातला सगळ्यात मानाचा. भिंतीवर स्वच्छ लिहिलं होतं: ग्योकुरो, साठ मिली. हिने प्रत्येकाची वेगळी छोटी किटली भरली, वाळूचं घड्याळ उलटं केलं, दोन मिनिटं थांबली आणि माझ्या किटलीतला चहा माझ्या कपात शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. नजरेनेच मला कळलं. एकतीस वर्षांची नजर आहे. हे साठ नव्हते.

ही पलीकडच्या टोकाला गेली तशी मी काउंटरच्या खाली मापनळी धरली आणि कप ओतला. थोडा पँटीवर गेला, फार नाही, दोन-चार थेंब.

"किती?" मी कुजबुजलो.

कॅशियरसाहेबांनी अंगठा जिभेला लावला आणि वाकून बघितलं. "पंचेचाळीस."

पंधरा मिली कमी. म्हणजे पंचवीस टक्के. माझ्या छातीत जी धडधड सुरू झाली ती निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. पण आता चहा नळीत आणि ही परत येत होती. नळीतून कपात ओततो तर दिसणार. मी नळीच तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली.

"औषध घेताय?" हिने विचारलं.

"खोकला," मी म्हणालो आणि खोकून दाखवलं.

उजवीकडच्या मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. मग मालकीणबाईंना हाक मारून तिने विचारलं, ग्योकुरो असा काचेच्या नळीतून प्यायची पद्धत आहे का, आणि असेल तर तिलाही एक नळी मिळेल का. मालकीणबाई मोठ्या आदराने माझ्याकडे बघू लागल्या. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

पावतीवर लिहून आलं, "चहा-चाखणी, दोन जणांची." मी ती तशीच घेऊन कचेरीत गेलो, तर कारकून म्हणाला, जिन्नसवार पाहिजे. पाच चहांची पाच नावं आणि प्रत्येकाचं माप. मी पुन्हा रेस्टॉरंटमध्ये गेलो. सकाळची वेळ, ही नव्हती. मालकीणबाईंनी हातातलं काम टाकून पाचही नावं सुवाच्य अक्षरात लिहून दिली, प्रत्येकापुढे मिली घातले आणि खाली "पुन्हा नक्की या, काका" असंही लिहिलं. ही ओळ अर्जाला जोडणं अवघड होतं. मी तो भाग आत दुमडला.

अर्ज पाच प्रतींत दिला. "तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे" या चौकटीत खूण केली आणि शंका नको म्हणून बाजूला ते वाक्य स्वतःच्या हाताने पुन्हा एकदा ठळक लिहिलं. तपासणी नव्वद दिवसांच्या आत होते, असं कारकून म्हणाला. मी निश्चिंत मनाने बाहेर पडलो. नव्वद दिवसांत आमच्या वेळी फाइलीची नाडीसुद्धा सुटत नसे.

त्याच संध्याकाळी ही घरी आली ती हसतच. नळी मागणाऱ्या मुलीची गोष्ट तिने मला पुन्हा एकदा रंगवून सांगितली, जशी काही मी तिथे नव्हतोच. मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी आलात ते बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाच्या जागी तुम्ही कधी आला नव्हता."

हे खरं होतं. शाळा घरापासून दहा मिनिटांवर होती. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

सकाळी मी तडक कचेरीत गेलो आणि अर्ज मागे घ्यायचा आहे म्हणून सांगितलं.

"मागे घेता येतो," कारकून म्हणाला. "मूळ पावती दाखवा."

"मूळ पावती तुमच्याकडेच जमा आहे."

"मग ती फाइलीत असणार. फाइल निरीक्षकांकडे गेली. आता तपासणीच्या जागीच मागे घेता येईल, निरीक्षकांच्या समोर."

"इतक्या लवकर कशी गेली?"

"नवे निरीक्षक कडक आहेत," तो अभिमानाने म्हणाला. "कोणीतरी जुन्या साहेबांनी तयार केलेले आहेत म्हणे."

तयार मीच केलं होतं. हाताखाली नऊ वर्षं होता. फाइल टेबलावर झोपू द्यायची नाही, हे त्याला मी रोज सांगत असे. चौथ्याच दिवशी त्याचा फोन आला.

"सर, आज साडेचारला तपासणी ठेवली आहे. तुम्हाला हजर राहावं लागेल."

"अरे, पण मी नाव गुप्त ठेवायला सांगितलंय."

"गुप्तच आहे सर. फक्त हजर राहायचंय."

मी कॅशियरसाहेबांना बरोबर घेतलं. वाटेत त्यांना सांगितलं की जमलं तर हे मिटवायचं आहे. ते नाराज झाले. त्यांनी मापाचा आकडा तीनदा म्हणून पाठ केला होता.

रेस्टॉरंट भरलेलं होतं. काउंटरवर एकही स्टूल रिकामं नव्हतं. नळीवाली मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन आली होती. निरीक्षक आला, हातात तराजूची पेटी, मागे फाइल धरलेला शिपाई. मी खांबाआड सरकलो होतो, पण त्याने मला बघितलं आणि भर दुकानात हात जोडून म्हणाला, "सर, नमस्कार. तुम्ही बसा ना. अहो, सरांना खुर्ची द्या कोणीतरी." झालं. माझ्या नावाची गुप्तता तिथे संपली.

हिने माझ्याकडे बघितलं. मग काउंटरवर निरीक्षकाने ठेवलेल्या अर्जाकडे. चौतीस वर्षांच्या संसारात तिला माझं अक्षर ओळखायला वाचावं लागत नाही. तरी तिने अर्ज शेवटपर्यंत वाचला, अगदी ठळक ओळीपर्यंत, आणि नीट घडी करून परत दिला.

"मला हा अर्ज मागे घ्यायचाय," मी म्हणालो.

"आता कशाला?" ही म्हणाली. "मोजू द्या त्यांना."

निरीक्षकाने तराजू लावला. हिने बांबूच्या चमच्याने पत्ती घेतली आणि पारड्यात टाकली. पाच ग्रॅम. त्याने काढून पुन्हा घ्यायला सांगितली. पाच. तिसऱ्यांदाही पाच. निरीक्षकाने माझ्याकडे असं बघितलं, जणू असा हात आपल्या खात्यात हवा होता. मग तिने साठ मिली पाणी मोजून किटलीत घातलं, वाळूचं घड्याळ उलटं केलं. दोन मिनिटं सगळं दुकान त्या वाळूकडे बघत होतं. नूडल्स खाणारेही थांबले. तिने चहा मापात ओतला, शेवटचा थेंब पडेपर्यंत किटली धरून ठेवली.

"पंचेचाळीस," कॅशियरसाहेब म्हणाले, कोणी विचारलं नसताना.

मालकीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. माप पंचवीस टक्के कमी म्हणजे काउंटरला सील, हे त्यांना शिपायाने आधीच ऐकवलं होतं. हेच मला हवं होतं. महिनाभर मी याचीच वाट बघत होतो. आणि आता मला ते नको झालं. हिचे हात किटलीवर होते, स्थिर, आणि ते हात तिथून काढून घरी आणायला मी निघालो होतो. मला स्वतःची लाज वाटली, सगळ्यांच्या देखत, नमस्कार घेऊन मिळालेल्या खुर्चीवर बसलेला असताना.

हिने किटलीचं झाकण काढलं. चमच्याने आतली भिजलेली पत्ती सगळी, अगदी कडेला चिकटलेलीसुद्धा, काढून तराजूत ठेवली.

"वाचा," ती निरीक्षकाला म्हणाली.

"वीस ग्रॅम."

"घातली होती पाच." ती आठवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगत होती. "वरचे पंधरा कुठून आले?"

निरीक्षकाने तराजूचा आकडा पुन्हा एकदा वाचला. नळीवाली मुलगी म्हणाली, "पाणी. पत्तीने पाणी प्यायलं."

"शाब्बास," ही म्हणाली.

एकतीस वर्षं मी धान्य, तेल, पेट्रोल, कापड मोजलं. कोरडी पत्ती पाणी पिते हे घराघरांत भांडी घासणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. मला ते सुचलं नाही, कारण चहाची गाळणी मी जन्मात कधी रिकामी केली नव्हती. मालकीणबाईंनी पटकन स्टुलावर चढून भिंतीवरच्या "साठ मिली" पुढे खडूने "पाणी" असा शब्द घातला. निरीक्षकाने तो वाचला, मान हलवली. सील लागलं नाही. कोणीतरी टाळी वाजवली, मग त्याला एकट्यालाच वाजवतोय असं वाटून थांबला.

मला वाटलं, सुटलो. पण पंचनामा पूर्ण करायचा होता. निरीक्षकाने पेन उघडलं.

"तक्रारदाराचं प्रत्यक्ष नुकसान काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "रेघ मार तिथे."

"सर, रकाना रिकामा सोडता येत नाही. तुम्हीच शिकवलंत."

"पँटीवर डाग पडला," कॅशियरसाहेब मदतीला धावले. "मी बघितलाय. धुऊनही गेलेला नाही."

निरीक्षक लिहायला लागला. मी त्याला थांबवलं. ही पाठ करून किटली विसळत होती, आणि एकच किटली इतका वेळ कोणी विसळत नाही. सगळं दुकान ऐकत होतं. एवढी शोभा झाल्यावर आता आणखी काय व्हायची राहिली होती.

"चार वाजता घरी कोणी नसतं," मी म्हणालो. "ते नुकसान. मला करमत नाही."

निरीक्षकाचं पेन हवेतच राहिलं. तो गोंधळला. कायद्यात बसवायची त्याची खरोखर इच्छा होती. "हे कशात लिहू सर?" त्याने हळूच विचारलं. "ग्रॅम की मिली?"

"मिनिटांत लिहा," ही पाठमोरीच म्हणाली. "रोजची एकशेवीस. सोमवार सोडून."

त्याने लिहिलं. पुढचा रकाना विक्रेत्याच्या म्हणण्याचा होता. तो मालकीणबाईंकडे वळला, मालकीणबाईंनी हिच्याकडे बोट केलं. ही वळली. डोळे जरा लाल होते, आवाज मात्र प्रयोगशाळेतला होता.

"लिहा. नुकसान मान्य आहे. काम सोडणार नाही. हे तक्रारदाराने घरी तोंडाने सांगितलं असतं तर पाच प्रती वाचल्या असत्या. त्याने रोज चार वाजता इथे यावं. भिंतीकडच्या टोकाला एक स्टूल टाकता येईल."

"पाठ नसलेलं?" मी विचारलं.

"पाठ नसलेलं," ती म्हणाली.

निरीक्षकाने शेवटचा कागद माझ्यापुढे सरकवला. "तक्रारदार समाधानी आहे काय? होय किंवा नाही, खूण करा सर, आणि सही." मी पेन घेतलं. तेवढ्यात हिने त्याच पत्तीवर दुसरं पाणी घालून केलेला कप कागदावर आणून ठेवला, बरोबर त्या दोन चौकटींच्या वर.

"आधी पिऊन बघा," ती म्हणाली. "मग लिहा."

मी कप उचलला आणि प्यायलो. गवतासारखाच लागला. मी 'होय'वर खूण केली आणि सही केली.